एकाच बरणीतल्या गोळ्या

पंडित नानाच्या घरात त्या सकाळी चुलीवर तवा चढला नाही, आणि कारण काय, तर दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्या.

भादव्याचे दिवस होते. रात्रभर कोसळून पाऊस नुकता थांबला होता. काळ्या मातीचा नुसता गारा झाला होता, कपाशीत पाय टाकायची सोय नव्हती, म्हणून निंदणी बंद आणि माणसं घरात. माणसं घरात असली की भांडायला विषय लागतोच. पण असला विषय बोरीकाठच्या त्या गावात याआधी कुणी ऐकला नव्हता. मोठी सून सुलक्षणा गोठ्यात जाऊन म्हशीच्या गव्हाणीवर बसली होती. ना बोलत होती, ना उठत होती.

"काय झायं व?" तिची सासू ताईबाई दारातून वाकून म्हणाली. "पोटमा दुखस का?"

"मना पोटनी कोनले पडेल शे?" सुलक्षणा म्हणाली. "सारिकाले डबी भेटनी, माले बी भेटनी. पन त्यामातली एक कमी शे. कोनी कमी शे ते माले समजस, अक्का. मनं नशीब मी देखेल शे."

आता या डब्या आल्या कुठून ते सांगायला हवं. धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्या भागातल्या गावांत एक अभ्यास चालवला होता. गरोदर बाईचं ब्लडप्रेशर मध्येच का चढतं, तिला झटके का येतात, लेकरू दिवस भरायच्या आत आणि मुठीएवढं का जन्मतं, आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी हे टळतं का, हे त्यांना शोधायचं होतं. अभ्यासाची नर्स माहेनूर धुळ्याहून स्कूटीवर यायची. गावच्या आशाताई मंदाबाई तिला घरं दाखवायच्या. माहेनूरनं ओट्यावर बसून ताईबाईच्या दोन्ही सुनांना सगळं नीट सांगितलं. काही लपवलं नाही, आणि तिथंच घोटाळा झाला. ती म्हणाली, एका डबीतल्या गोळीत औषध जास्त आहे, दुसऱ्या डबीतल्या गोळीत कमी. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला कुठली ते कंप्युटरनं ठरवलंय, मलाही ठाऊक नाही. नको असेल तर खुशाल नाही म्हणा, तपासणी काही थांबणार नाही.

"जास्तीवाली चांगली, का कमीवाली?" पंडित नानानं विचारलं होतं.

"तेच तर माहीत नाही नाना," माहेनूर हसली होती. "माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

"धुळ्याना डॉक्टरले माहीत नही, मंग आपले कसं माहीत पडी?" असं म्हणून नाना तंबाखू मळत बाहेर गेला होता. त्याला गंमत वाटली. सुलक्षणाला मात्र गंमत वाटण्याचं कारण नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं लेकरू सातव्या महिन्यात आलं आणि रडलं नाही. ताईबाईनंच ते फडक्यात गुंडाळून नानाच्या हातात दिलं होतं. सुलक्षणाचा नवरा प्रेमराज सुरतेला मिलमध्ये कामाला. तो येईपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यानंतर सुलक्षणा कित्येक महिने नीट जेवली नाही. आता पुन्हा दिवस गेले होते, आणि नेमके त्याच वेळी धाकटी सून सारिका हिलाही. दोघींत जेमतेम महिन्याचा फरक, सारिका पुढं.

सारिका जामनेरकडची. बोली अजून तिकडचीच. तिला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायचा प्रश्नच नव्हता. "मीच तुनी माय," असं ताईबाईनं तिला लग्नातच सांगून टाकलं होतं. गोठ्यातला आवाज ऐकून ती भिजल्या अंगणातून हळूहळू चालत आली.

"ताई, माही डबी तुम्ही घ्या न," ती म्हणाली. "मले कोनतीबी चालते."

"अन् उद्या तुले काही झायं ते?" सुलक्षणा उसळली. "बठ्ठं गाव म्हनी, जेठानीनी डबी बदली दिधी!"

म्हणता म्हणता ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. रुसवा नव्हता तो. भीती होती. ताईबाईला ते कळलं.

ताईबाईचा स्वभाव सांगायचा तर तिच्या घरात वांग्याचं भरीतसुद्धा दोन सारख्या वाट्यांत पडायचं. तिच्या स्वतःच्या सासरी सासूचं माप वाकडं होतं, एकीला साय आणि एकीला ताक. त्यापायी तीन जावांच्या तीन चुली झालेल्या तिनं पाहिल्या होत्या. म्हणून दोन्ही सुनांना लुगडी एकाच ठाणातली, बांगड्या एकाच रंगाच्या. घराची चूल अजून एकच राहिली ती तिच्या या मापामुळे, असं शेजारचा चुडामणही मान्य करायचा. नाना चेष्टा करायचा, की ही बाई एक दिवस मलाही मधोमध कापून दोन्ही पोरांना वाटून देईल.

तर ताईबाईनं काय केलं? लोणच्याची रिकामी बरणी घासली, उन्हाची तिरीप आली तेव्हा ओट्यावर वाळवली, आणि दोन्ही डब्या तीत ओतल्या. वरून बरणी चांगली हलवली.

"आते बोल," ती सुलक्षणाला म्हणाली. "कोनले जास्ती अन् कोनले कमी? दोन्हीसले मना हातवरी देसू. जे व्हई ते दोन्हीसनं सारखं व्हई."

सुलक्षणानं डोळे पुसले. तवा चुलीवर चढला.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ जेवणं झाली की ताईबाई बरणीत हात घालायची आणि दोन्ही सुनांच्या तळहातावर एकेक गोळी ठेवायची. माहेनूर महिन्यानं यायची, प्रेशर बघायची, वजन करायची आणि डब्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजून नव्या डब्या द्यायची. ती येणार असं मंदाबाईकडून कळलं की ताईबाई बरणीतल्या गोळ्या दोन्ही डब्यांत जेवढ्यास तेवढ्या भरून ठेवायची. "वा अक्का, एक गोळी चुकत नाही तुमच्याकडे," माहेनूर कौतुक करायची, आणि ताईबाई पदराआड हसायची. आपण काही वावगं करतोय असं तिच्या मनातही नव्हतं.

दिवाळी झाली. कपाशी फुटली. सकाळी अंगाला झोंबणारी थंडी आणि दुपारी डोक्यावर ऊन, असे ते दिवस. सारिकाला आठवा लागला होता. तिच्या पायांतली जोडवी रुतायला लागली, ती साबण लावून काढली. चेहरा भरून आला. शेजारणी म्हणाल्या, पोरीच्या तोंडावर तेज आलंय. ताईबाईलाही तसंच वाटलं. दोन दिवस सारिका डोकं दुखतंय म्हणत होती, तर पित्त असेल म्हणून ताईबाईनं लिंबूपाणी दिलं आणि डोक्याला फडकं बांधलं. माहेनूर यायची होती पुढच्या आठवड्यात.

त्या दुपारी सारिका हट्टानं शेतात आली. घरी एकटीला करमत नाही म्हणाली. ताईबाईनं तिला बांधावरच्या निंबाखाली बसवलं आणि वेचलेल्या कापसातला काडीकचरा काढायला दिला. सारिकाचा नवरा वना पलीकडच्या सरीत गाठोडं बांधत होता. ताईबाई ओटी रिकामी करायला निंबाखाली आली आणि जागीच थबकली.

सारिकाचा हात कापसावर नव्हता. कापसाच्या शेजारी, मातीत होता. ती काळी ढेकळं उचलत होती आणि एकेक करून पांढऱ्या कापसाच्या गोणीत टाकत होती. अगदी मन लावून.

"सारिका! काय करी ऱ्हायनी व?"

"कापूस वेचून राह्यली न, अक्का," सारिका म्हणाली. तिनं मान वर केली, पण ती ताईबाईकडे बघत नव्हती. बाजूला कुठंतरी बघत होती. "लई काजवे दिसून राह्यले, अक्का. दिवसा कसे काजवे?"

ताईबाईच्या ओटीतला कापूस खाली पडला. तिनं वनाला जी हाक मारली ती पलीकडच्या शिवारात ऐकू गेली.

मंदाबाई मशीन घेऊन धावत आल्या. पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा भरली, पुन्हा सोडली. आकडा काही सांगितला नाही. पट्टा गुंडाळलाही नाही, तसाच पिशवीत कोंबला.

"कितलं शे?" वनानं विचारलं.

"गाडी बलाव, वना. कितलं ते मांगून इचार."

एकशे आठची गाडी दुसऱ्या गावाला गेलेली. चुडामणचा पिकअप कापूस भरून बाजारात निघाला होता. त्यानं काही न विचारता गाडी वळवली आणि अर्ध्या गोणी रस्त्यातच खाली फेकल्या. उरलेला कापूस पसरून त्यावर सारिकाला निजवलं. ताईबाई उशाशी, मंदाबाई पायाशी, वना मागच्या फळीला धरून उभा. काळ्या मातीच्या वाटेवर गाडी हिंदकळत निघाली, आणि हमरस्त्याला लागली तेव्हा ताईबाईला वाटलं, पोचलो आता.

तेवढ्यात सारिकाचा हात ताठ झाला. मग मान. मग सगळं अंग. दातखीळ बसली, डोळे वर गेले आणि अंग उडायला लागलं. ताईबाईनं असं कधी पाहिलं नव्हतं. आपल्या हातातलं हे माणूस आपल्या ओळखीचंच नाही असं तिला झालं. मंदाबाई ओरडत होत्या, "कुशीवर करा, कुशीवर! तोंडमा काही घालू नका!" वना रडत होता. ताईबाई सारिकाचं डोकं धरून बसली होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोंघावत होती, ती म्हणजे बरणी. लोणच्याची बरणी. आपण काय कालवून घातलं या पोरीच्या पोटात?

दवाखान्यात स्ट्रेचर आलं, सारिकाला आत नेलं. एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या आणि भराभर विचारायला लागल्या. कितवा महिना, पहिली वेळ का, डोकं कधीपासून दुखतंय.

"अभ्यासाच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध घेत होती? कुणी काही दिलं होतं का?"

"नही," ताईबाई म्हणाली.

"नक्की? भूल द्यायची आहे. सगळं कळायला हवं."

"नही व बाई. काहीच नही."

खोटं तोंडातून निघून गेलं आणि डॉक्टरीणबाई आत निघून गेल्या. ताईबाई भिंतीला टेकून खाली बसली. थोड्या वेळानं माहेनूर धावत आली, डोक्याचा रुमालही सुटलेला. मंदाबाईंनी तिला रस्त्यातून फोन केला होता.

"अक्का, घाबरू नका. झटक्याचं इंजेक्शन दिलंय. ऑपरेशन करून बाळ काढतील," ती म्हणाली. "मी अभ्यासाच्या ऑफिसला फोन लावते. डबीवरचा नंबर सांगितला की ते बघून सांगतील, तिला जास्तीची गोळी होती की कमीची. असं संकट आलं तर उघडून सांगायचा नियम आहे. मग डॉक्टरांना तसं ठरवता येतं."

ताईबाईनं तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की माहेनूरला ते दुखलं.

भीती दोन्हीकडून होती. सांगावं तर दवाखान्याची माणसं काय म्हणतील, पोलीस येतील, वना आयुष्यभर तोंड बघणार नाही. न सांगावं, तर डॉक्टर नंबर बघून काही ठरवतील, तो नंबर खोटा, आणि त्यावर दिलेलं औषध उलटलं तर? आत पोरगी पडलीय. पोटात लेकरू आहे.

"त्या नंबरवर जाऊ नका, माहेनूर," ती म्हणाली.

"का?"

"डबी तिनी शे. पन गोया तिन्या नहीत. मी दोन्हीसन्या गोया एक बरनीमा टाकी दिध्यात. पयला महिनाफाईन."

माहेनूरला क्षणभर समजलंच नाही. "पण मी दर महिन्याला मोजत होते, अक्का."

"तुम्ही येवाना आगोदर मी डब्या भरी ठेवू."

मंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "ताईबाई, काय करं व हाई! मना गावमा! आते मी कोनले तोंड दाखाडू?"

माहेनूर बाकावर बसली, लगेच उठली. "दरवेळी दोघींना एकेकच? जास्त नाही ना?"

"एकेकच. मना हातवरी." ताईबाईला रडू फुटलं. "दोन्हीसले सारखं भेटाले पाहिजे म्हनीसन करं व बाई. मी इख चारं का तिले?"

"नाही, नाही. दोन्ही गोळ्या कॅल्शियमच्या. त्यानं झटके येत नाहीत."

"मंग कशावरी उनात?"

"तेच तर शोधतोय आम्ही," माहेनूर म्हणाली आणि आत पळाली.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई दारात आल्या. ताईबाई उठून उभी राहिली, मार खायची तयारी ठेवून. पण त्या रागावल्या नाहीत. त्यांना रागवायला वेळच नव्हता. "खोटं बोललात ते चुकलंच. पण सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "घरी दुसरी सून आहे ना? तिचं प्रेशर आत्ताच्या आत्ता बघायला लावा."

हे ताईबाईच्या डोक्यातच आलं नव्हतं. बरणी एक आणि सुना दोन. जे होईल ते दोघींचं सारखं होईल, असं तीच तर म्हणाली होती.

मंदाबाईंनी उपकेंद्रातल्या नर्सला फोन लावला. ती सुलक्षणाकडे जाईपर्यंत आणि तिचा उलटा फोन येईपर्यंत ताईबाई त्या लांबट खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होती. फोन आला. प्रेशर चढलेलं होतं, थोडंसं, वरच्या हद्दीला टेकलेलं. सुलक्षणाला काही त्रास नव्हता, ती तर संध्याकाळच्या भाकरीचं पीठ मळत होती. नर्सनं तिला पीठ बाजूला ठेवायला लावलं, आडवं केलं आणि आठवड्यातून दोनदा तपासायला येईन म्हणून सांगितलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोनवरच तिला औषध ठरवून दिलं. ताईबाईनं हे सगळं ऐकलं आणि तिला हायसं वाटण्याऐवजी आणखी भीती वाटली. आता दोन्हीकडं जीव टांगलेला होता.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली. एक नर्स कपड्यात काहीतरी घेऊन त्यांच्यासमोरून झपाझप गेली, आणि ते आपलं लेकरू होतं हे वनाला ती गेल्यावर कळलं. मुलगी काचेच्या पेटीत, आई दुसऱ्या खोलीत यंत्रांच्या मध्ये. सारिकानं त्या दिवशी डोळे उघडले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी पेटीकडच्या नर्सनं विचारलं, "बाळाला आता अंगाची ऊब द्यायची आहे. आई तर शुद्धीवर नाही. छातीशी कोण धरणार?"

वनानं आईकडे बघितलं. ताईबाई एक पाऊल मागं सरकली.

"मना हातमा नका दिऊ," ती म्हणाली. "मना हात चांगला नही."

"हात कुणी मागितला? छाती पाहिजे," माहेनूर म्हणाली. ती रोज तिथं येत होती. तिनं ताईबाईला स्वच्छ धुऊन-पुसून खुर्चीत बसवलं, चोळीची गाठ सोडायला लावली आणि लेकरू तिच्या सुरकुतलेल्या छातीवर पालथं ठेवलं. वरून फडक्यानं बांधून टाकलं.

इतकं हलकं लेकरू ताईबाईनं जिवंत कधी धरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी धरलं होतं ते एवढंच होतं. लेकराचा श्वास तिला कातडीवर लागत होता. चालायचा, चालायचा, आणि मध्येच थांबायचा. थांबला की ताईबाईचाही थांबायचा. "सिस्टर! सिस्टर व!" ती ओरडायची. नर्स यायची, पायाच्या तळव्याला बोटानं टिचकी मारायची, आणि श्वास पुन्हा चालू व्हायचा. असं पुन्हा पुन्हा झालं. ताईबाईनं तेवढ्यात सगळ्या देवांना बोलावून घेतलं, शेवटी माहेनूरच्या अल्लालाही सोडलं नाही. दुपारनंतर कधीतरी श्वास थांबायचा कमी झाला. लेकरानं तिच्या छातीवर मुठीची दोन बोटं उघडली आणि तशीच ठेवली.

संध्याकाळी वना धावत आला. सारिकानं डोळे उघडले होते.

ताईबाई गेली तर सारिका छताकडे बघत होती. ओठ फुटलेले, चेहरा अजून सुजलेला. ताईबाई तिच्यासमोर वाकली आणि विचारायची भीती वाटत असूनही विचारलं, "दिखस का तुले? मी कोन शे?"

सारिकानं बराच वेळ तिच्याकडे बघितलं.

"तुमचं तोंड दिसून राह्यलं, अक्का," ती हळू म्हणाली. "रडू नका न. पोर कुठं हाये?"

ताईबाईनं तिला तिथंच सगळं सांगून टाकलं. बरणीचं नाही, ते तर सारिकाला ठाऊकच होतं, तिच्यासमोरच तर झालं होतं. डॉक्टरांशी खोटं बोलल्याचं सांगितलं, माहेनूरचं सांगितलं. सारिका ऐकता ऐकता झोपी गेली. तिला कितपत कळलं कोण जाणे.

लेकरू पेटीतून बाहेर येऊन, दूध ओढायला लागून घरी आलं तेव्हा शेतातली कापसाची शेवटची वेचणीसुद्धा संपत आली होती. सुलक्षणाला नववा चालू होता. ती औषधावर होती, आठवड्यातून दोनदा पट्टा बांधून घेत होती, आणि घरातलं कुणी तिला कळशीसुद्धा उचलू देत नव्हतं. नाना आता चेष्टा करत नव्हता. मशीनची हवा सुटताना जो फुसकारा निघायचा तेवढ्यापुरता सगळ्या घराचा श्वास अडकायचा.

एक दिवस माहेनूर बरणीतल्या गोळ्या न्यायला येणार असा निरोप आला. ताईबाईनं बरणी सुपात ओतली आणि ओट्यावर बसली. आयुष्यभर तिनं डाळीतले खडे निवडले होते, सरकीतली किडकी सरकी निवडली होती, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. तिनं एक गोळी उचलली, उन्हात धरली, दुसरी उचलली. वास घेतला. एक जिभेला लावून पाहिली. सगळ्या एकसारख्या पांढऱ्या. कुठलीच निवडता येईना. माहेनूर आली तेव्हाही ती सूप मांडीवर घेऊन तशीच बसली होती.

"अक्का, राहू द्या. आता नाही निवडता येणार," माहेनूर म्हणाली. तिनं गोळ्या एका पिशवीत भरल्या. "दोघींच्या गोळ्या बंद. तपासणी मात्र शेवटपर्यंत होणार. नावं काढलेली नाहीत."

"तुम्हले बोलनं पडनं व्हई," ताईबाई म्हणाली.

"पडलं बोलणं," माहेनूर म्हणाली आणि पिशवीला गाठ मारली.

गेले कित्येक दिवस ताईबाईला एका प्रश्नानं झोप नव्हती. सारिकाची डबी जास्तीची असली, तर तिचं अर्धं औषध आपण काढून सुलक्षणाला दिलं. सुलक्षणाची जास्तीची असली, तर तिचं अर्धं काढून सारिकाला दिलं, आणि तिचं अजून सगळं व्हायचंच आहे. कसंही धरलं तरी एकीच्या तोंडचं आपण काढलंच होतं.

"माहेनूर," ती म्हणाली, "जास्तीवाली कोनी व्हती?"

माहेनूर घुटमळली. "त्या दिवशी नियमाप्रमाणं उघडावंच लागलं होतं, त्यामुळे मला माहीत आहे. पण अक्का, जास्त घेतली म्हणून टळलं असतं असं कुणीच सांगू शकत नाही. अभ्यास अजून चालूच आहे."

"तरी सांगा."

सारिका दाराशी लेकरू पदराखाली घेऊन बसली होती. तिच्या शेजारी सुलक्षणा, पाय लांब करून. ताईबाईला त्यांच्याकडे बघवेना.

"नका सांगू, सिस्टर," सारिका म्हणाली.

"अव, मी इचारी ऱ्हायनू ना," ताईबाई म्हणाली.

"आन मी नका म्हनते. आम्ही दोघीनं अर्ध्या अर्ध्या खाल्ल्या. तेवढं पुरे हाये मले."

माहेनूरनं सुलक्षणाकडे बघितलं. सुलक्षणानं नकारार्थी मान हलवली आणि दंड पुढं केला. माहेनूरनं पट्टा बांधला. हवा भरली गेली, फुसकारा सुटला. आकडा वरच्या हद्दीलाच होता, पण पुढं सरकला नव्हता. "आज ठीक आहे," माहेनूर म्हणाली. "परवा परत."

परवापर्यंत तरी ठीक होतं. ताईबाई आत गेली, दोन ताटं मांडली, कळण्याच्या भाकरी मोडल्या आणि तुपाची वाटी घेतली. सवयीप्रमाणं एक चमचा या ताटात, एक त्या ताटात. थोडं तूप काठावर सांडलं. सुलक्षणा मागून येऊन कधी उभी राहिली तिला कळलं नाही. सुलक्षणानं आपल्या ताटातली तुपाची भाकरी उचलली आणि सारिकाच्या ताटात ठेवली.

"आज तिले जास्ती द्या, अक्का," ती म्हणाली. "मी रुसाव नही."